नानकटाईचा पाया, फळांचा कळस

(मंडळाच्या श्रावणातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर पाककृतीबद्दल बोलायला आजवर भगिनीच उभ्या राहिल्या आहेत. मी राज्य सरकारच्या रस्ते-इमारत खात्यातला डिप्लोमावाला माणूस. माझा रोजचा संबंध खडी, सिमेंट आणि मोजमाप-पुस्तकाशी. तेव्हा हे साहेब गोडाबद्दल काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण गेली काही वर्षं गौरी-गणपतीतलं एक गोड आमच्या घरी माझ्याकडे आणि दोन्ही मुलांकडे असतं. ते कसं करायचं आणि पुरुषांनी का करायचं, एवढंच आज सांगणार आहे.

आधी 'का' ते सांगतो. आपल्या बडोद्यातल्या कुठल्याही मराठी घरात गणपतीच्या संध्याकाळी जाऊन बघा. समई लावलेली आहे, टाळ-झांजा वाटून झाल्या आहेत, पुरुष आणि मुलं रांगेत उभी आहेत. आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "तुम्ही सुरू करा, मी आलेच." ती येते तेव्हा मंत्रपुष्पांजली चालू असते. पदराला हात पुसत उभी राहते, नमस्कार करते आणि परत आत जाते, कारण दर्शनाला आलेल्यांच्या हातात काहीतरी द्यायचं असतं. मखर, रोषणाई, वर्गणी, मिरवणूक ही कामं पुरुष हौसेनं करतात. दहा दिवसांचं रांधणं मात्र एकीच्याच अंगावर पडतं, आणि आता तीही आपल्यासारखीच नोकरीवरून दमून आलेली असते.

उकडीच्या मोदकाला हात लावा असं मी म्हणत नाही. ती कळीची पाकळी माझ्या बोटांना जमत नाही, आणि नैवेद्याच्या ताटात मोदकच शोभतो. पुरणही तिथेच राहू द्या. पण संध्याकाळी येणाऱ्या पाहुण्यांसाठी जे गोड लागतं, ते असं हवं की जे आदल्या रात्री निम्मं तयार होईल, ज्याला तळण नाही, ज्यात अंडं नाही आणि मुलांचे हात लागले तरी चालेल. मी सांगतो तो पदार्थ या चारही अटींत बसतो.

आपल्यापैकी अनेकांची मुलं-भाचरं अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे वाढदिवसाला एक प्रकार करतात, त्याला 'फ्रूट पिझ्झा' म्हणतात. नावात पिझ्झा असला तरी त्यात टोमॅटो नाही की कांदा नाही. खाली बिस्किटाची मोठी जाड चकती, तिच्यावर क्रीम चीजचा गोड थर आणि वर फळांच्या फोडी. फ्रान्समध्ये याच जातीचा 'टार्ट' बेकऱ्यांमध्ये मिळतो. आता नीट बघा. बिस्किटाची खुसखुशीत चकती म्हणजे आपली नानकटाई. क्रीम चीजच्या जागी आपला चक्का. आणि फळं तर खंडेराव मार्केटात ढिगानं आहेत. म्हणजे तिन्ही वस्तू घरच्याच, फक्त एकावर एक रचायच्या आहेत.

नानकटाई तर आपल्या शेजारच्या सुरतेची. तिथे डच व्यापाऱ्यांची वखार होती, आणि त्यांच्या पावभट्टीतून पुढे नानकटाई निघाली असं सांगतात. जुन्या मंडळींना आठवत असेल, दिवाळीआधी घरचं तूप, रवा, मैदा, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायची आणि भाजलेली नानकटाई पत्र्याच्या डब्यातून घरी आणायची. तेव्हा हा पाया आपल्याला परका नाही.

आता माप. नऊ इंची एका चकतीला मैदा १५० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, साजूक तूप ११० ग्रॅम, पिठीसाखर ७० ग्रॅम, चिमूटभर मीठ, वेलची आणि बेकिंग पावडर चमच्याचा आठवा भाग. नेहमीच्या नानकटाईला फुगवण्यासाठी सोडा किंवा पावडर जास्त घालतात आणि ती वरून तडकते. ती तड दिसायला छान, पण आपल्याला वर भार ठेवायचा आहे. तडकलेल्या पायावर मजला चढवत नाहीत, म्हणून पावडर नावापुरतीच.

तूप वितळलेलं नको, थिजलेलं हवं. आपल्याकडे भाद्रपदात ते पातळच असतं, म्हणून वाटीत मोजून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, लोण्यासारखं झालं की बाहेर काढा. परातीत तूप आणि पिठीसाखर तळहातानं फेसा, पांढरं हलकं होईपर्यंत. मग पिठं चाळून घाला आणि फक्त गोळा होईल इतकंच एकत्र करा. पोळीच्या कणकेसारखं मळू नका. मैद्याला पाणी लागलं आणि तो मळला की त्याला तार सुटते. पोळीला ती तार हवी, नानकटाईला नको. करंजीला, शंकरपाळ्याला आपण मोहन घालतो ते याचसाठी. तूप पिठाच्या कणाकणाला लपेटून बसतं आणि तार धरू देत नाही. मूठ दाबली की वळली पाहिजे आणि बोटानं टिचकी मारली की फुटली पाहिजे, ही काकू-मावशींची मोहनाची परीक्षा इथेही लागू आहे. वळत नसेल तर एक-दोन चमचे दूध, त्याहून जास्त नाही.

गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग तूप लावलेल्या थाळीत हातानंच थापा. जाडी पाऊण सेंटिमीटर, सगळीकडे सारखी. वाटीच्या बुडानं दाबलं की पातळी नीट येते. कडा किंचित उंच ठेवा आणि काट्यानं सगळीकडे टोचे मारा, म्हणजे वाफ निघून जाईल आणि मध्ये फुगा येणार नाही. ओव्हन असेल तर १६० अंशांवर साधारण २५ मिनिटं. नसेल तर जुनी जाड बुडाची कढई घ्या, तळाला मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा आणि झाकण लावून दहा मिनिटं तापवा. कढईत नऊ इंची थाळी मावणार नाही, म्हणून याच पिठाच्या सहा इंची दोन ताटल्या करा आणि एकामागून एक मंद आचेवर तीस-पस्तीस मिनिटं भाजा. कड बदामी झाली आणि मधला भाग कोरडा दिसला की झालं. गरम असताना चकती मऊच लागते, त्यामुळे कच्ची राहिली असं वाटतं. गडबडू नका. ती थंड होताना घट्ट होते. तासभर थाळीतून हलवायची नाही.

दुसरा थर चक्क्याचा. एक लिटर सायीच्या दुधाचं गोड दही पंच्यात बांधून रात्रभर टांगा. फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवलं तर आंबटही होत नाही. साधारण ३५० ते ४०० ग्रॅम चक्का निघतो. तो पुरणयंत्रातून काढा, मिक्सरला लावू नका, मिक्सरमध्ये तो सैल पडतो. आणि इथे श्रीखंडाचा हिशोब विसरा. श्रीखंडाला चक्क्याबरोबरीनं साखर पडते आणि साखर पडली की चक्का पाणी सोडतो, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. वाटीत ते चालतं, चकतीवर नाही. म्हणून पिठीसाखर फक्त ७० ग्रॅम, आणि जायफळ किंवा केशर. गोडवा नानकटाईत आहे, फळांतही आहे.

आता माझ्या खात्याचा विषय, ओल. घर बांधताना जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा एक थर घालतात, नाहीतर जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं. इथे उलटं आहे, पाणी वरून खाली उतरतं. चक्का आणि फळं दोन्ही ओली, आणि नानकटाई तासाभरात ओल पिऊन भिजलेल्या टोस्टसारखी होते. म्हणून मध्ये आडवा थर हवा. ४० ग्रॅम पांढरं चॉकलेट गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवून थंड चकतीवर ब्रशनं पातळ फासा आणि सुकू द्या. चॉकलेट नको असेल तर भाजलेल्या काजूची किंवा बदामाची पूड तीन चमचे भुरभुरवा, ती बरीचशी ओल शोषून घेते.

फळांत भाद्रपदातलं पहिलं मानाचं डाळिंब. दाणा अखंड राहतो, पाणी सोडत नाही, रंग तर विचारूच नका. हिमाचलची सफरचंदं याच दिवसांत येतात. ती आणि केळी कापल्यावर काळी पडतात, म्हणून चिरल्याबरोबर लिंबाचा रस लावा आणि कापडावर टिपून घ्या. पेरूचा गर आणि कडेची साल घ्या, मधला बियांचा भाग काढा. आपल्या गुजरात सरकारनं २०२१ साली ज्याला 'कमलम' नाव दिलं ते ड्रॅगन फ्रूटही घ्या. त्याला स्वतःची चव बेताची, पण पांढऱ्यावर काळे ठिपके मुलांना फार आवडतात. सीताफळ नुसतं खायला द्या, इथे त्याचा चिखल होतो.

तीन फळांपासून मात्र सावध राहा. कच्चं अननस, किवी आणि पपई. या तिघांतही दुधातली प्रथिनं तोडणारी पाचक द्रव्यं असतात. ती चक्क्यावर ठेवली की थोड्या वेळानं चक्का पातळ होतो आणि कडवट लागतो. दोष दह्याचा नसतो, फळाचा असतो. अननस हवंच असेल तर फोडी साखरेत पाच-सात मिनिटं शिजवा, गार करा, टिपून घ्या आणि मग ठेवा. शिजवल्यावर ती द्रव्यं निकामी होतात, म्हणूनच डब्यातलं अननस चालतं.

रचना वाढण्याच्या तासभर आधी, त्याआधी नाही. चक्का पसरा, फळं मांडा, फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर दोन तासांत संपवा, दह्याचा पदार्थ आपल्याकडच्या दमट हवेत फार वेळ उघडा ठेवण्याजोगा नाही. धारदार सुरीनं सोळा तुकडे करा.

मधुमेहवाल्या ज्येष्ठांसाठी हिशोब सांगून ठेवतो. फळं दिसतात म्हणून हे पथ्याचं खाणं समजू नका. एका तुकड्यात साधारण सात ग्रॅम तूप आणि जवळपास नऊ ग्रॅम साखर जाते, चॉकलेट आणि फळांची साखर वेगळीच. त्यांच्यासाठी वाटीत बिनसाखरेचा चक्का आणि डाळिंबाचे दाणे काढून ठेवा. त्यांनाही काहीतरी हातात मिळतं.

आता वेळापत्रक. आदल्या दिवशी संध्याकाळी दही टांगायला पाच मिनिटं. जेवणं झाल्यावर चकती करायला आणि भाजायला दीड तास, त्यातला निम्मा वेळ नुसता वाट बघण्याचा. दुसऱ्या दिवशी आरतीआधी तासभर मुलांना घेऊन फळं चिरायची आणि मांडायची. आमच्याकडे डाळिंब सोलण्यावरून भांडण होतं, म्हणून ते काम वर्षाआड वाटून दिलं आहे. मुलीची मांडणी गोल, मुलाची सरळ रांगेत, तो बहुधा माझ्यावर गेला आहे.

एक गोष्ट पुरुषांना मुद्दाम सांगतो. पदार्थ करणं म्हणजे गॅसपुढे उभं राहणं एवढंच नाही. डाळिंब आणायचं लक्षात ठेवणं, दूध आदल्या दिवशी विरजणं, फ्रिजमध्ये थाळीला जागा करणं, आणि शेवटी परात, पुरणयंत्र, चाळणी घासून जागेवर ठेवणं, हे सगळं त्यात येतं. "सामान काढून दे, मी करतो" असं म्हटलं तर तिचं काम कमी होत नाही, वाढतं. घ्यायचं तर पूर्ण काम अंगावर घ्या, जसं आपण मखराचं घेतो. मखर बांधताना आपण तिला खिळे कुठे आहेत असं विचारतो का?

आणि आई-आजींनाही विनंती आहे. पहिल्या वेळी चकती तुटेल, चक्का थापताना सांडेल. तेव्हा "जा, मी करते" असं म्हणू नका. तुटलेली चकती वाटीत कुस्करून वर चक्का आणि फळं घातली तरी चव तीच लागते. मुलगा एकदा बाहेर निघून गेला की परत स्वयंपाकघरात येत नाही.

आपल्या मंडळात मराठीपण टिकवायचं असं आपण दर वर्षी बोलतो. नाटक करतो, मुलांना श्लोक शिकवतो, ते योग्यच आहे. पण आरतीला घरातली सगळी माणसं एकत्र उभी असणं, हे त्याआधीचं आहे. यंदा गौरीजेवणाच्या संध्याकाळी निदान एक गोड पुरुषांनी आणि मुलांनी करावं, आणि त्या दिवशी घरातली बाई 'सुखकर्ता'च्या पहिल्या शब्दापासून हातात निरांजन घेऊन उभी असावी, एवढंच मागणं आहे. कुणाला माप लिहून हवं असेल तर मी कार्यक्रमानंतर इथेच आहे, कागद-पेन घेऊन या.

गणपती बाप्पा मोरया.