येताना काय आणतं?

माझे वडील बोटीवर खलाशी होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात तेव्हा बहुतेक घरांतला एक तरी माणूस बोटीवर असे. अब्बांना लिहितावाचता बेताचंच येई; पण कुठली बोट किती टनांची, तिच्या पोटात काय काय मावतं, हे सारं तोंडपाठ. बंदरात एखादं अजस्र जहाज लागलं आणि आम्ही पोरं तोंड उघडं टाकून बघत राहिलो की ते म्हणत, "भरून जातं ते सगळ्यांनाच दिसतं. येताना काय आणतं, ते विचारा."

आज मला बोलायचंय ते विमानांबद्दल. समुद्र ओलांडून लांब पल्ल्याला जाणाऱ्या सगळ्यांत मोठ्या विमानांबद्दल. मी कवी माणूस, बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. यंत्रातलं मला काय कळणार, असं आपल्याला वाटेल. मलाही वाटतं. पण अब्बांचा तो प्रश्न हाताशी आहे, त्याच्या आधाराने बोलतो.

आमच्या पिढीला मोठं विमान म्हणजे जम्बो, बोइंग ७४७. २२ जानेवारी १९७० रोजी पॅन ॲम कंपनीने ते न्यूयॉर्कहून लंडनला नेलं आणि विमानप्रवासाचं मापच बदललं. आपल्याकडे एअर इंडियाचं पहिलं जम्बो एप्रिल १९७१ मध्ये मुंबईत उतरलं. नाव 'एम्परर अशोक'. खिडक्यांभोवती लाल रंगात महिरपी रंगवलेल्या, जणू राजवाड्याचे झरोके. जम्बोच्या डोक्यावरचं ते कुबड मात्र शोभेचं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. जो सटर या अभियंत्याच्या हाताखाली हे विमान आखलं गेलं, तेव्हा साऱ्यांची समजूत अशी, की उद्याचे उतारू आवाजाहून वेगवान विमानांतून जाणार आणि जम्बोच्या नशिबी मालवाहतूक येणार. मग माल नाकाकडून थेट आत ढकलता यावा म्हणून वैमानिकांची खोलीच उचलून वर ठेवली. आवाजाहून वेगवान काँकॉर्ड २००३ मध्ये निवृत्त झालं. कुबडवालं जम्बो उडतच राहिलं.

अब्बांनी मात्र जम्बोशी उभा दावा मांडला होता. त्याला कारण होतं. १ जानेवारी १९७८ च्या रात्री तेच 'एम्परर अशोक' सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि उड्डाणानंतर काही क्षणांतच वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ माणसं होती, एकही वाचलं नाही. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. अब्बा त्या दिवसांत मुंबईत, डोंगरीला आमच्या गावच्या जमातीची खोली होती तिथे, पुढच्या बोटीची वाट बघत राहिले होते. त्यांच्याच शेजारी पथारी टाकणारा एक गाववाला चारच दिवस आधी दुबईला गेला होता. नोकरीचा कागद चार दिवस उशिरा आला असता तर, एवढाच विचार खोलीतली माणसं रात्रभर करत बसली. अब्बा त्यानंतर विमानात बसले नाहीत. "बोट बुडायला वेळ घेते," म्हणायचे, "माणसाला कलमा पढायला फुरसत देते."

हजला जायचं तर बोटीनेच, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. माझगावच्या धक्क्यावरून जेद्द्याला बोटी सुटत. पैसे हळूहळू जमत होते, मध्येच बहिणीचं लग्न निघालं, मग घराचं छप्पर. आणि १९९५ मध्ये हजची बोट बंदच झाली. जी वाट बोटीला आठ-दहा दिवसांची, ती विमान पाच-सहा तासांत कापतं. बोट कोण चालवणार? अब्बांनी बातमी ऐकली, काही बोलले नाहीत. मी आग्रह केला, पण एकदाच केला. आणखी करायला हवा होता.

१९९९ मध्ये अम्मी मामांबरोबर हजला गेली, ती जम्बोमधून. परत आल्यावर गाव जमलं. आबे जमजम, खजूर वाटून झाले, आणि रात्री अब्बांनी तिची उलटतपासणी सुरू केली. किती माणसं होती? चारशेच्या वर असतील. भटारखाना कुठे होता? मागे. वर माडी होती म्हणतात? होती, जिना पाहिला, वर जाऊ दिलं नाही. आणि मग त्यांचा ठेवणीतला प्रश्न आला, "तुम्हाला तिकडे उतरवून ते परत येताना काय घेऊन आलं?" अम्मी गोंधळली. उत्तर मीच दिलं. हजच्या सुरुवातीला सगळे तिकडेच निघालेले असतात, परतणारं कुणी नसतं. त्या फेऱ्यांना विमान बहुतेक रिकामंच येतं. हज संपला की उलट, रिकामं जातं आणि भरून येतं. अब्बा खूष झाले. त्यांच्या शत्रूचं दुखणं त्यांना सापडलं होतं. "रिकामं जहाज मालकाला खातं," एवढंच म्हणाले आणि झोपायला गेले.

१८ जानेवारी २००५ रोजी फ्रान्समधल्या तुलूझ शहरात एअरबसने आपलं ए-३८० जगाला दाखवलं. वर्तमानपत्रातला फोटो मी अब्बांना दाखवला. टोकापासून टोकापर्यंत दोन पूर्ण मजले, पंखांचा पसारा जवळजवळ ८० मीटर, म्हणजे तेव्हाच्या जम्बोपेक्षा १५ मीटर जास्त. वजन उडताना साडेपाचशे टनांच्या वर. अब्बांना यातलं काहीच भावलं नाही. आवडली ती एकच गोष्ट. या विमानाचे तुकडे वेगवेगळ्या देशांत बनत, पंख वेल्समध्ये, धडाचे भाग जर्मनीत आणि फ्रान्समध्ये, आणि ते इतके मोठे, की आधी जहाजाने बोर्दोला येत, मग गारोन नदीतून तराफ्यांवर वर चढत, आणि शेवटी रात्रीच्या वेळी ट्रकांवरून तुलूझला. बोर्दोत जुना दगडी पूल आहे. त्याच्या कमानीखालून तराफा निघायचा तर भरती-ओहोटी बघावी लागे. पाणी फार चढलं तर डोकं अडणार. आमच्या खाडीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे न कळेल तर कुणाला! "म्हणजे विमानालाही पाण्याची वेळ सांभाळावी लागते," ते हसून म्हणाले. २००६ च्या पावसाळ्यात ते गेले.

ए-३८० मध्ये बसायचा योग मला आला २०१९ मध्ये. थोरली मुलगी टोरांटोला, तिला पहिलं बाळ झालेलं. मुंबईहून दुबई, दुबईहून टोरांटो. दुबईनंतरचा जवळजवळ चौदा तासांचा टप्पा या दुमजली विमानाने केला. खरं सांगतो, इतकं शांत विमान मी पाहिलं नाही. शेजारी बायको कुजबुजत दुआ पढत होती, ती मला ऐकू येत होती. खुर्चीही ऐसपैस. परतीला ट्रिपल सेव्हन मिळालं, बोइंग ७७७-३०० ईआर. एका ओळीत दहा खुर्च्या दोन्हीकडे, पण याचं पोट अरुंद, त्यामुळे खुर्चीमागे सुमारे इंचभर कमी. इंच म्हणजे काय, हे चौदा तासांनी कोपराला विचारावं.

गंमत पाहा, लांबीत हे ट्रिपल सेव्हन ए-३८० पेक्षा मीटरभर जास्तच भरतं. पण इंजिनं दोनच. अब्बा असते तर पहिला प्रश्न आला असता, एक बंद पडलं तर? पूर्वी नियमच होता, की दोन इंजिनांच्या विमानाने विमानतळापासून तासाभराच्या उड्डाणापेक्षा दूर जाऊ नये. महासागर हा चार किंवा तीन इंजिनवाल्यांचा मुलूख. १९८५ नंतर इंजिनं भरवशाची होत गेली तशी ही मुदत दोन तासांवर, पुढे तीन तासांवर गेली, आणि समुद्राची वाट दोन इंजिनांना मोकळी झाली. ट्रिपल सेव्हनचं एकेक इंजिन एवढं, की त्याच्या तोंडात पंख्याचाच व्यास सव्वातीन मीटर! चार इंजिनांचं तेल आणि देखभाल एकीकडे, दोन इंजिनांची दुसरीकडे. कंपन्यांनी हिशेब केला.

ए-३८० चं खरं दुखणं अब्बांच्या प्रश्नातलंच. पाचशे माणसं जाताना मिळाली, येताना मिळतील का? रोज मिळतील का? एअरबसचा होरा असा होता, की मोठे विमानतळ तुडुंब भरतील, तिथे उतरायला जागा उरणार नाही, म्हणून एकाच विमानात जास्त माणसं न्यावी लागतील. लंडन-दुबईसारख्या ठिकाणी ते पटण्यासारखंही होतं. पण माणसाला शेवटी आपल्या गावाजवळ उतरायचं असतं, वाटेत दुसऱ्याच्या दारात ताटकळायला नको असतं; आणि लहान विमानं थेट जाऊ लागली. त्यात वायरींच्या घोटाळ्याने सुरुवातीलाच दोन वर्षांचा उशीर. हॅम्बर्ग आणि तुलूझचे अभियंते एकाच संगणक-प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर आराखडे काढत होते, प्रत्यक्ष जोडणीत वायरी आखूड पडल्या. मालवाहू ए-३८० चा बेतही बारगळला. उतारू नसतील तर माल, ही जम्बोला असलेली सोय याला मिळालीच नाही. शेवटचं ए-३८० डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीला सोपवलं गेलं. एकूण २५१. त्यांतली १२३ एकट्या एमिरेट्सची. जम्बो १५७४ झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये दिलेलं शेवटचं जम्बो मालवाहूच होतं.

तरी ए-३८० ला फसलेलं विमान म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कोरोनाच्या काळात वाळवंटात नेऊन उभी केलेली कित्येक विमानं नंतर कंपन्यांनी परत बोलावली. चौदा तास आमच्यासारख्या स्वस्त तिकिटाच्या माणसालाही त्याने माणसासारखं बसवलं, हे मी विसरणार नाही. हिशेबनिसाचं आणि उतारूचं मत नेहमी एक असतंच असं नाही.

२२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाच्या ताफ्यातलं जम्बो मुंबईहून अमेरिकेला कायमचं निघालं. उडाल्यावर वैमानिकाने पंख कलते करून निरोप घेतला. ती चित्रफीत मी फोनवर अम्मीला दाखवली. आता तिला नीटसं दिसत नाही, फोन डोळ्यांशी धरून तिने दोनदा पाहिली.

"ह्यातूनच गेले होते का मी?"

म्हटलं, "ह्याच्यासारख्यातून."

"आणि हे आता रिकामंच गेलं?"

"हो, रिकामंच."

"तुझ्या बापाला सांगायला हवं होतं," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.