जुळे घर, दोन दारे, चार वारस

(फैजपूर येथे बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



घर बांधायचे ठरले की ओट्यावर खुर्च्या टाकल्या जातात, मिस्त्री येतो, दोन भाऊ बसतात, एखादे काका बसतात. आतून चहा जातो. चहा देणारीला कोणी विचारत नाही, की बाई, चूल कुठे पाहिजे? त्या घरात दिवसाचे चौदा-पंधरा तास तीच उभी असणार आहे. म्हणून आज आपण नकाशाच काढू या. कायद्याचे बोलायचे आहेच, पण ते नकाशातूनच निघेल.

आपल्या गावठाणातल्या जागा कशा आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. तोंडाला अरुंद, आत लांबच लांब. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत गेल्या, त्या उभ्या चिरत झाल्या, कारण प्रत्येकाला रस्त्यावर तोंड पाहिजे. समजा रुंदी 24 फूट, लांबी 70 फूट. वडील वारले आहेत. आई आहे, दोन मुलगे, एक मुलगी. जुने धाब्याचे घर पाडून मुलगे जुळे घर बांधणार आहेत. मध्ये एक सामाईक भिंत, अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा.

आता मोजा. दोन बाहेरच्या भिंती आणि एक मधली, प्रत्येकी 9 इंच. सव्वादोन फूट भिंतींनीच खाल्ले. उरलेल्याचे दोन भाग केले की प्रत्येकाला पावणेअकरा फुटांच्या आसपास रुंदी मिळते. त्यात 3 फुटांचा सरळ जिना भिंतीला लावला तर खोली पावणेआठ फुटांची. पलंग टाकला की कपाटाचे दार उघडत नाही. गावठाणाबाहेरच्या प्लॉटवर बाजूची मोकळी जागा सोडावी लागली तर आणखी कमी. ते नियम जागेप्रमाणे बदलतात, म्हणून आधी नगरपरिषदेत विचारा, मग मिस्त्रीला बोलवा.

अशा घरात उजेड फक्त पुढून आणि मागून येतो. मधली खोली अंधारी राहते, आणि नकाशात स्वयंपाकघर नेमके तिथे पडते. पुढे बैठक पाहिजे, पाहुणे येतात. मागे गाडी नाहीतर गोठा. उरली मधली खोली, ती बाईची. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जाणारा आपला मुलूख. बंद खोलीत भाकऱ्या थापून बघा म्हणावे एकदा!

यावर उपाय आपल्या जुन्या वाड्यांतच आहे. मध्ये चौक. दोन्ही घरांनी आपापला चौक मधल्या भिंतीला पाठ लावून सोडायचा, 5 फूट रुंद, 6 फूट लांब. दोन्ही मिळून 10 बाय 6 ची मोकळी जागा वरपर्यंत उघडी राहते. तिथे मधली भिंत डोक्याएवढीच ठेवायची. जिना चौकाशेजारी घ्यायचा, म्हणजे खोलीची रुंदी वाचते. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, परसदाराकडे. न्हाणी आणि संडास दोन्ही घरांचे एकाच रेषेत, म्हणजे नळाचा आणि ड्रेनेजचा खर्च कमी. आणि एक गोष्ट कागदावर लिहून घ्यायची: चौकावर कोणीही स्लॅब टाकायचा नाही. नाही लिहिली तर पाच वर्षांनी एक भाऊ खोली वाढवतो आणि दुसऱ्या घरातल्या बाईचा उजेड जातो. भांडण मग दोघी जावांचे म्हणून गावात गाजते.

गच्चीचेही तसेच. बिबडे, कुरडया, सांडगे, वर्षाची सगळी वाळवणे गच्चीवर. जिना एकाच्याच घरातून गेला तर दुसरीने दर उन्हाळ्यात जावेची परवानगी काढायची का? वीज मीटर दोन, नळ दोन, जिने दोन. मधल्या भिंतीत येण्याजाण्याचे दार ठेवावे का, यावर दोन मते आहेत. माझे मत, ठेवावे, पण कडी दोन्ही बाजूंना असावी. रात्री नवरा हात उगारतो तेव्हा त्या दाराने पलीकडे जाता येते. आणि नको तेव्हा आपल्या बाजूने लावूनही घेता येते.

इथपर्यंत मिस्त्रीही मान डोलावतो. पुढच्या प्रश्नाला मात्र ओट्यावर शांतता पसरते. घर जुळे, दारे दोन. वारस किती?

जागा वडिलांनी स्वतः कमावलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने 1956 पासून आई, दोन मुलगे आणि मुलगी, चौघांना सारखा वाटा. चार आणे, चार आणे. वडिलोपार्जित असेल तर महाराष्ट्राने 1994 साली मुलीला जन्मतः हक्क दिला, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. 2005 साली केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला. बाप 2005 च्या आधी वारला असेल तर काय, यावर पुढे 15 वर्षे वाद चालला. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितले, की हक्क जन्माने आहे, 9 सप्टेंबर 2005 रोजी बाप जिवंत असण्याची अट नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

आणि घराची गंमत ऐका. 2005 पर्यंत कायद्यात 23 वे कलम होते. राहत्या घरात भाऊ स्वतः वाटणी करत नाहीत तोवर बहिणीने वाटणी मागायची नाही. लग्न न झालेली, विधवा, नवऱ्याने टाकलेली असेल तर तिने फक्त राहायचे. शेताचे सोडा, चार भिंतींतही ती पाहुणीच. ते कलम गेले. माणसांच्या मनातून गेलेले नाही. मुसलमान बहिणींना त्यांच्या कायद्याने मुलाच्या निम्मा वाटा आहे, आईला आठवा हिस्सा आहे. तोही प्रत्यक्षात हातात पडत नाही, हे दोन्ही घरांत सारखेच.

मग होते काय? आखाजीला लेक माहेरी येते. झोका खेळते, पुरणपोळी खाते, आणि जाताना हक्कसोडपत्रावर सही करून जाते. "भावाचं घर उभं राहू दे." अशी सही प्रेमाने करणारीही असते, तिला मी अडवणार नाही. पण वाचून करा. निबंधकापुढे सही होण्याआधी मोबदला लिहा, नाहीतर एक खोली लिहा, वेगळ्या दाराची, खालच्या मजल्यावर. उद्या तिला परत यावे लागले तर भावजयीच्या मर्जीवर राहणे किती कठीण, हे आपल्या केंद्रात आलेल्या कितीतरी जणींनी सांगितले आहे. आईनेही आपले चार आणे एका झटक्यात देऊन टाकू नयेत. द्यायचेच तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात लिहावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने अट मोडली तर ते पत्र रद्द करून मागता येते.

आता सुनांचे. सासऱ्याच्या नावच्या जागेवर घर चढते. सुनेचे दागिने मोडतात, बचत गटाचे कर्ज ती काढते, बँकेत सहकर्जदार म्हणून सही तिची. कर्जाला नाव चालते, मिळकत पत्रिकेवर चालत नाही. हप्ते तिने फेडायचे आणि घर जमीनमालकाचे. 2005 च्या घरगुती हिंसाचार विरोधी कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर सासऱ्याचे असले तरी. पण तो राहण्याचा हक्क, मालकीचा नव्हे. तेव्हा पाया खोदायच्या आधी नाव, आणि पैसे दिल्याची प्रत्येक पावती स्वतःच्या पेटीत.

हे काही आकाशातले बोलणे नाही. शेतकरी संघटनेने 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये पुरुषांनी बायकांच्या नावे जमीन केली. प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे करावे लागते. सरकारी पैशाच्या घराला जी अट चालते, ती बापाच्या जागेला का चालू नये? हे फैजपूर आहे. डिसेंबर 1936 मध्ये इथे खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले, नंदलाल बोस यांनी बांबू-चट्ट्यांतून अख्खे नगर सजवले. जमीन मोजून, खुंट्या ठोकून काहीतरी नवे उभे करणे या गावाला नवीन नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घराची मिळकत पत्रिका किंवा घरपट्टीचा उतारा आणा. नसेल तर नसल्याचे सांगा, काढून आणायला आपण दोघी-तिघी मिळून जाऊ. आणि एक मोजपट्टी आणा. ती घरात सापडेल, मुलांच्या दप्तरात नाहीतर शिवणाच्या डब्यात. आपण या अंगणात खडूने 24 फूट आखू, मधली रेघ ओढू, आणि बघू प्रत्येकीची चूल कुठे बसते ते.