हायवेला लागताना पोटात गोळा येतो? माझ्याही यायचा

आजचा एपिसोड मी गाडीत बसून रेकॉर्ड करतेय. घाबरू नका, गाडी बंद आहे, हँडब्रेक ओढलेला आहे आणि मी सावेडीत आमच्याच बिल्डिंगखाली उभी आहे. मध्येच भाजीवाल्याचा स्पीकर ऐकू आला तर समजून घ्या.

तर विषय आहे, लायसन्स असूनही गाडी न चालवणारी माणसं. आपल्यात भरपूर आहेत. मीही त्यातलीच होते. लायसन्स मिळालं एकोणिसाव्या वर्षी. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बाजूला सर बसलेले, त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक. पंधरा-वीस दिवस ते म्हणतील तसं स्टेअरिंग फिरवलं, टेस्ट दिली, पास झाले. त्या टेस्टमध्ये हायवे नव्हताच. पुढची सहा वर्षं ते कार्ड मी फक्त ओळखपत्र म्हणून वापरलं.

गंमत म्हणजे स्कूटीवर मी कुठेही जाते. नगर-मनमाड रोड, ऊसाच्या सीझनमध्ये दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, मागे साधा रिफ्लेक्टर नसलेले ट्रॅक्टर, त्यांच्या बाजूने बिनधास्त निघून जाते. (हो, शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण रोडला तोंडात नगर-मनमाडच येतं, काय करू.) कारमध्ये बसलं की मात्र हाताला घाम. कारण स्कूटीची रुंदी माझ्या अंगाएवढी असते. कारची डावी बाजू कुठे संपते तेच मला कळायचं नाही.

हे असंच चाललं असतं. पण दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, रात्री दीडच्या सुमारास आईची शुगर एकदम खाली गेली. बाबा गावाला होते. आईला दरदरून घाम सुटलेला, जीभ अडखळतेय. साखरपाणी पाजलं. हॉस्पिटल दोन किलोमीटरवरसुद्धा नाही आणि किल्ली माझ्या हातात. गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला, गेटचा खांब दिसला आणि पाय असा थरथरायला लागला की क्लच धरवेना. दोनदा बंद पडली. १०८ ला फोन करायचंही सुचलं नाही. शेवटी शेजारच्या काकांना उठवलं, ते बनियनवरच आले आणि त्यांनी गाडी काढली.

आई बरी आहे. त्या रात्री पहाटेपर्यंत ती बरीच झाली. पण मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा मला जे वाटलं, ते मी अजून आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

मग शोधाशोध केली. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पीटर नावाचा तीनेक वर्षांचा मुलगा सशाला भयंकर घाबरायचा. त्याला सगळ्यांनी समजावलं का, की बाळा ससा काही करत नाही? नाही. त्याला आवडीचा खाऊ दिला आणि ससा पिंजऱ्यात, लांब ठेवला. मग थोडा जवळ. मग अजून जवळ. शेवटी पीटर त्याच सशाला कुरवाळायला लागला. भीतीवरच्या बऱ्याच उपचारांचं मूळ इथे आहे. आणि याची दुसरी बाजूही खरी आहे. आपण एखादी गोष्ट टाळतो तेव्हा त्या क्षणी जो सुटल्यासारखा दिलासा मिळतो ना, तोच भीतीला खतपाणी घालतो. मी सहा वर्षं खत घालत होते.

माझा ससा जवळ आणायचं काम केलं मामांनी. मामा एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर धावली, हे ते कुणालाही, विचारलं नसलं तरी सांगतात. मी म्हटलं, "मामा, मला शिकवाल का?" तर म्हणाले, "गाडी तुला येते. रस्ता येत नाही. उद्या सहाला खाली ये."

पहिला आठवडा फक्त पाइपलाइन रोड. भिस्तबाग चौकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. सकाळी सहाला तिथे चालायला आलेले आजोबा आणि दूधवाले, बास. मामांनी रस्त्याच्या डाव्या कडेला वीट ठेवली आणि डावं चाक तिच्या शक्य तितकं जवळून न्यायला लावलं. रोज. चौथ्या दिवशी मला डावी बाजू "दिसायला" लागली. स्टेअरिंग मी इतकं आवळून धरायचे की बोटं पांढरी पडायची. मामा म्हणायचे, "सोड गं, ते पळून नाही जात." आणि बॉनेटकडे बघायचं नाही, लांब बघायचं. नजर जवळ असली की वेग आहे त्याच्या दुप्पट वाटतो, हे खरंच करून बघा.

मग प्रेमदान चौकाची गर्दी. सिग्नलला गाडी बंद पडली, मागून हॉर्न. मामा शांत. "मागच्याचा हॉर्न म्हणजे कोर्टाची नोटीस नाही. न्यूट्रल कर, चालू कर, पहिला टाक." हे वाक्य मी अजून स्वतःशी म्हणते. मग सक्कर चौकाचा उड्डाणपूल. तो २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाला तेव्हा अख्खं नगर सेल्फी काढायला गेलं होतं, मी पण. त्यावरून कार चालवायला मला पुढे किती दिवस लागले बघा.

हायवेवर मात्र सपशेल आपटले. पुणे रोडला, सुप्याच्या अलीकडे पेट्रोल भरलं. पंपावरून परत रस्त्यावर यायचं होतं. मी कडेला थांबले आणि गॅप शोधत बसले. ट्रक गेला, बस गेली, अजून ट्रक. शेवटी कसंबसं पहिल्या गिअरमध्ये सरपटत आत शिरले, आणि मागच्या ट्रकने असा ब्रेक मारला, असा हॉर्न दिला, की मी पुढे जाऊन डाव्या कडेला गाडी घेतली आणि रडले. मामांनी चहा पाजला. रागावले नाहीत. म्हणाले, "तू सावकाश गेलीस म्हणजे सुरक्षित गेलीस असं वाटलं ना तुला?"

हाच मुद्दा आहे, आणि हा मला कुणी आधी सांगितला नव्हता. जरा हिशोब करू. हायवेवर मागून गाडी येतेय ताशी १०० ने. तुम्ही शिरलात ४० ने. फरक ६० चा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. ती गाडी तुमच्यामागे १०० मीटरवर असेल तर सहा सेकंदांत तुमच्या डिकीत. तेच तुम्ही ८० ने शिरलात तर फरक फक्त २० चा, आणि त्याच १०० मीटरला तिला अठरा सेकंद लागतात. अठरा सेकंदांत तुमचा वेगही वाढतो, तोही सावरतो. म्हणजे भीतीने पाय जे सांगत होता, ब्रेक दाब, ब्रेक दाब, तेच सगळ्यात धोक्याचं होतं.

पंपावरून निघताना पळायला जागा नसते, तिथे मोठी गॅप मिळेपर्यंत थांबायचं, कितीही वेळ, आणि निघालं की मात्र रेंगाळायचं नाही. पण समृद्धीसारख्या रस्त्यावर रॅम्पच्या शेवटी वेग वाढवायला वेगळी लेन दिलेली असते. ती वेग वाढवण्यासाठीच असते, थांबून विचार करण्यासाठी नाही.

समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला ५ जून २०२५ ला. आपल्या जिल्ह्यातून चढायचं तर कोपरगावजवळ. माझी बहीण नाशिकला असते. मी ठरवलं, आईला घेऊन जायचं आणि गोंद्यापर्यंत समृद्धीने जायचं. मामा शेजारी, आई मागे.

टोल नाक्यावरून गाडी शून्यातून निघते. रॅम्प वळत वळत वर जातो, तिथे घाई नाही. वळण संपलं, लेन सरळ झाली, की उजवा इंडिकेटर आणि ॲक्सिलरेटर. दुसरा, तिसरा, चौथा. उजव्या आरशात बघायचं, मग एकदा मान वळवून, कारण आरशात एक कोपरा दिसतच नाही. आणि मला तिथे कळलं की मी १२० वाल्यांमध्ये शिरत नव्हतेच. कारला १२० ची मर्यादा आहे, पण आपण शिरतो डावीकडच्या लेनमध्ये, तिथे ट्रक असतात आणि त्यांना मर्यादा ८० ची. (नियमाने ट्रक डावीकडे असतात. प्रत्यक्षात काही उजव्या लेनला नांदायला आलेले असतात, तो वेगळा एपिसोड.) एक ट्रक होता. मी त्याच्या पुढे शिरायचा अट्टहास केला नाही, पाय किंचित उचलला, तो गेला, त्याच्या मागे अंतर ठेवून आत आले. झालं. दहा-बारा सेकंदांचं काम.

दोन-तीन गोष्टी पटकन सांगते. एक्झिट चुकली तर चुकली, पुढच्या एक्झिटला उतरा, पैसे आणि वेळ जाईल. रिव्हर्स कधीही नाही. छाती धडधडायला लागली तर वेग हळूहळू ७०-८० वर आणा, डावी लेन धरा, श्वास सावकाश सोडा आणि पुढच्या एक्झिटला बाहेर पडा. गाडी नादुरुस्त असल्याशिवाय कडेला थांबायचं नाही. निघायच्या आधी टायर बघा, हवा बघा. आणि हे सगळं करूनही स्टेअरिंगला हात लावला की श्वासच अडकत असेल, अपघात पाहिला असेल, स्वतःचा झाला असेल, तर समुपदेशकाकडे जा. मामा सगळ्यांना नसतात, आणि मामांना सगळं जमतही नाही.

आणि थोडी भीती ठेवाच. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस जळाली, २५ माणसं गेली. तेव्हा मी म्हटलं होतं, बघा, म्हणूनच मी चालवत नाही. आता तेच आठवून मी दर दीड तासाने थांबते, रात्री निघत नाही, आणि सरळ रस्त्यावर डोळे जड व्हायला लागले की मामांशी भांडण उकरून काढते.

गोंद्याला उतरलो तेव्हा मी आरशात बघून विचारलं, "आई, कसं वाटलं गं?" उत्तर नाही. ती कधीची झोपली होती, तोंड उघडं टाकून.

चला, मला गाडी हलवायची आहे, मागे टेम्पोवाला थांबलाय. लायसन्स पाकिटात घेऊन फिरणाऱ्यांनो, तुमचा ससा सध्या किती लांब आहे, ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. भेटू.