निवेदनांची नोंदवही उघडा



 अमरावतीत भरलेल्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांच्या या परिषदेतील अध्यक्षीय भाषणासाठी मी एकच प्रश्न निवडला आहे. वऱ्हाडच्या कापसाचा भाव ज्या निर्णयांनी वरखाली होतो, ते निर्णय होताना वऱ्हाडची बाजू कोण मांडतो आणि ज्यांची बाजू ऐकली जाते त्यांची नोंद कुठे राहते? सरकारदरबारी गाऱ्हाणे नेण्यात, दबाव आणण्यात मला काही गैर वाटत नाही. लोकशाहीत तो प्रत्येकाचा हक्कच आहे. अन्याय होतो तो एकाचे म्हणणे बंद दाराआड ऐकले जाते आणि दुसऱ्याला निर्णय राजपत्रात छापून आल्यावरच कळतो, तेव्हा.

ताजे उदाहरण घेऊ. २०२१च्या अर्थसंकल्पात कापसाच्या आयातीवर शुल्क बसले. अधिभार धरून ते ११ टक्के होते. १९ ऑगस्ट २०२५पासून ते माफ झाले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग महिना उलटायच्या आत मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादल्याने वस्त्रोद्योग अडचणीत आला होता आणि गिरण्यांच्या संघटनांनी ही माफी जाहीरपणे मागितली होती. मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण ३१ डिसेंबर या तारखेकडे वऱ्हाडातून पाहा. दिवाळीच्या आगेमागे वेचणी जोरात सुरू होते, अकोट-दर्यापूरच्या बाजारात आवक वाढते आणि ज्याला कृषी केंद्राची उधारी चुकवायची आहे, हरभऱ्याचे बियाणे आणायचे आहे, त्याला कापूस घरात भरून ठेवणे परवडत नाही. नेमक्या त्याच दिवसांत परदेशी रुईला दार मोकळे राहिले. आपल्याकडे पुरेसा न पिकणारा अतिलांब धाग्याचा कापूस लागतो, हे नेहमीचे कारणही इथे पुरत नाही. ३२ मिलिमीटरपेक्षा लांब धाग्याचा कापूस फेब्रुवारी २०२४पासूनच शुल्कमुक्त होता. म्हणजे नव्या माफीचा भार पडला तो आपण पिकवतो त्याच कापसावर. मुदतवाढीआधी कोणत्या कापूस-जिल्ह्याचा अंदाज मागवला होता? अधिसूचनेत लोकहितासाठी ते आवश्यक आहे, एवढेच म्हटलेले असते.

आता त्याच हंगामात शेतकऱ्याकडून किती पारदर्शकता मागितली गेली, ते पाहू. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६साठी क्विंटलला ८,११० रुपये होता. तो मिळवायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी, आधार, सातबारा, पीकपेऱ्याची नोंद हे सगळे हवे. मग गाडी खरेदी केंद्रावर आली की ओलावा मोजणार. तो ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि १२च्या वर गेला तर भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) कापूस घेत नाही. दोन एकरवाल्याची प्रत्येक गोष्ट टक्क्यांत मोजून नोंदवणाऱ्या राज्यव्यवस्थेने, शुल्काच्या निर्णयाआधी मंत्रालयात कोण कोणाला भेटले याची साधी यादीही लोकांपुढे ठेवू नये, ही विषमता मला असह्य वाटते.

हा प्रश्न दिल्लीशीच संपत नाही. नोव्हेंबर २०१८मध्ये अमेरिकेने जिनिव्हातील जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी समितीत असा दावा केला की, भारताने कापसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्के मर्यादेत न राहता ५३ ते ८१ टक्क्यांपर्यंत गेला आहे. यातला कळीचा वाद हिशेबाच्या रीतीचा आहे. आजच्या हमीभावाची तुलना तिथे १९८६-८८च्या संदर्भ किमतींशी होते. म्हणजे यवतमाळच्या शेतकऱ्याचा हमीभाव जिनिव्हातल्या एका सूत्रावर तोलला जातो. अशा ठिकाणी दुबळ्यांचे कोणी ऐकत नाही, हे मात्र खरे नाही. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी २००३मध्ये कापसाचा प्रश्न एकत्र येऊन मांडला आणि तो संघटनेच्या कानकुन येथील परिषदेत गाजला. ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस-अनुदानांविरुद्ध तिथेच दावा लढवला, त्याला ब्राझीलमधल्या कापूस उत्पादक संघटनेने बळ दिले. अनुदानांमुळे जगातला भाव कसा दबतो, हे कॅलिफोर्नियातील अर्थशास्त्रज्ञ डॅनियल समनर यांनी आकड्यांनी मांडले. २००५मध्ये अपिलातही ब्राझील जिंकला. त्यांच्याकडे संघटना होती आणि पुरावा तयार होता.

आपल्या राज्यघटनेत शेती राज्यांच्या सूचीत आहे, परदेशी व्यापार आणि करार केंद्राच्या. या दोहोंमधल्या फटीत वऱ्हाड सापडतो. युरोपीय संघाने अशा फटीसाठी मास्ट्रिख्ट करारान्वये प्रदेशांची समिती नेमली. तिचे मत सल्ल्यापुरते असले तरी अनेक विषयांत ते घ्यावेच लागते. २०११पासून तिथे संसद आणि आयोगाची मिळून लॉबी करणाऱ्यांची जाहीर नोंदवही आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. २०१२मध्ये अमेरिकी कंपनी वॉलमार्टने भारतीय बाजारपेठेतील प्रवेशासह अनेक विषयांवर केलेल्या लॉबिंगच्या खर्चावरून संसदेत गदारोळ झाला. तो तपशील आपल्याला कळला अमेरिकेच्या कायद्यामुळे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, वाटाघाटी गुप्तच असाव्या लागतात. देशाची अखेरची तडजोड कुठवर, हे गुप्त राहावे, मान्य. पण कोणत्या संघटनेने कोणते निवेदन दिले, हे सांगितल्याने कोणते राष्ट्रीय गुपित फुटते? अमेरिकेशी व्यापार कराराच्या वाटाघाटी चालू असतानाच, २०१५मध्ये, युरोपीय आयोगाने आपले मसुदे जाहीर केले होते. दुसरा आक्षेप : खासदार आहेत, राज्य सरकार आहे, वेगळे प्रतिनिधित्व कशाला? पण अधिसूचना संसदेतल्या चर्चेची वाट पाहत नाही. आणि महाराष्ट्रात इचलकरंजी, भिवंडीचे मागही आहेत. राज्याला स्वस्त सूत आणि चांगला कापूसभाव दोन्ही हवे असतात, त्यामुळे त्याचा आवाज दुभंगलेला राहतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. गिरण्या बुडाल्या तर लाखो कामगारांचे काय? त्यांचाही संसार आपल्याच देशात आहे. म्हणूनच दोन्ही बाजूंची निवेदने एकाच पानावर हवीत; कोणाला किती सोसावे लागेल हे दिसल्याशिवाय केलेला समतोल म्हणजे निव्वळ अंदाज.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(ग) महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित तथ्ये जाहीर करायला सांगते. त्यानुसार शेतमालाच्या शुल्कबदलाआधीची निवेदने आणि भेटी प्रसिद्ध व्हाव्यात. कापसाच्या प्रत्येक निर्णयाआधी अमरावती विभागातील पाचही जिल्ह्यांचे लेखी मत घेणे बंधनकारक व्हावे. तिसरी गोष्ट आपल्या हातची आहे. याच मातीतल्या पंजाबराव देशमुखांनी १९५५मध्ये भारत कृषक समाज उभा केला, तो शेतकऱ्याला देशपातळीवर आवाज मिळावा म्हणून. त्या आवाजाला आज आकड्यांचे पाठबळ हवे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ, अमरावतीचे विद्यापीठ आणि आपली महाविद्यालये यांनी दर हंगामाचा उत्पादनखर्च, आवक आणि आयातीचा भावावरचा परिणाम मिळून मोजावा आणि कापूस बाजारात येण्याआधी छापून दिल्लीला पाठवावा. त्या कामाचा ठराव याच परिषदेत मंजूर करावा, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.