शेक आणि केमोथेरपी एकत्र घेताना



घशाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोपचार, म्हणजे बोलीभाषेतला ‘शेक’, आणि केमोथेरपी अनेकदा एकाच काळात दिली जाते. दोन्ही एकदम कशासाठी, हा नातेवाइकांचा प्रश्न रास्त आहे.

किरण पेशींतील डीएनए तोडतात. निरोगी पेशी ही मोडतोड बऱ्याच अंशी दुरुस्त करतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितके साधत नाही. सिस्प्लॅटिनसारखे औषध या दुरुस्तीत अडथळा आणते आणि किरणांचा परिणाम वाढवते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात अशा एकत्रित उपचाराने अधिक स्त्रियांचे प्राण वाचतात, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून स्पष्ट झाले.

मात्र औषध आप-पर जाणत नाही. किरणांच्या वाटेत येणारी त्वचा, तोंडाचे व आतड्याचे नाजूक अस्तर यांनाही अधिक इजा पोहोचते. म्हणून साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, शेक जिथे दिला जातो त्यानुसार, तोंड येणे, गिळताना दुखणे, जुलाब होणे किंवा त्वचा काळवंडून सोलवटणे असा त्रास सुरू होऊ शकतो. उपचार फसल्याची ही खूण नव्हे. यातील बराचसा त्रास उपचारानंतर काही आठवड्यांत ओसरतो.

या टप्प्यावर घाबरून शेक परस्पर थांबवू नका. मध्ये खंड पडला की उरलेल्या कर्करोगपेशी पुन्हा वाढू लागतात. त्रास पहिल्याच दिवशी सांगा. वेदनाशामक, मऊ आहार, गरज पडल्यास नळीवाटे अन्न, असे उपाय उपलब्ध आहेत. तंबाखू व मद्य पूर्ण वर्ज्य करा. शेकाच्या जागी डॉक्टरांना न विचारता लेप किंवा तेल लावू नका. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असल्यास, अथवा पाणीही गिळता येत नसल्यास, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. शेक संपून काही आठवडे, महिने, क्वचित वर्षे लोटल्यावर डॉक्सोरुबिसिन, जेमसिटाबिन यांसारखे औषध दिले असता, पूर्वी शेक दिलेल्या जागीच त्वचा पुन्हा लाल होऊन सुजू शकते. असे झाल्यास पुढील मात्रेपूर्वी डॉक्टरांना दाखवा.

म्हणूनच शेक शरीराच्या कोणत्या भागाला, किती आणि केव्हा दिला, याचा कागद आयुष्यभर जपून ठेवा. गाव बदलले, राज्य बदलले, डॉक्टर बदलले, तरी पहिल्याच भेटीत तो दाखवा. पुढचे औषध व त्याची मात्रा ठरवताना त्या नोंदीचा आधार लागतो.