दुसरे आडनाव



कुलवृत्तांत हा आपल्या मंडळींचा आवडता विषय. आज मात्र मी तुम्हांला फार लांब, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात नेणार आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधून तिथे गेलेल्या लोकांचे वंशज आपल्या घराण्याचा शोध कसा घेतात, हे पाहताना मला आपल्याच घरातल्या काही रिकाम्या जागा दिसल्या.

त्या शोधात पहिली अडचण येते ती आडनावाची. तिथे एका घराला दोन आडनावे असत आणि दोहोंमध्ये ‘दी’ हा शब्द येई. ‘दी’ म्हणजे ‘म्हणवला जाणारा’, आपला ऊर्फच म्हणा. १६६५ साली कारिन्याँ-सालिएर ही पलटण तिथे उतरली आणि तिच्यातले सुमारे ४०० शिपाई पुढे तिथेच स्थायिक झाले. फ्रेंच पलटणीत शिपायाला टोपणनाव असण्याची चाल होती. कुणी लाफ्लर म्हणजे फूल, कुणी सांसूसी म्हणजे निर्धास्त, तर कुणी त्रांशमोंताञ्, म्हणजे डोंगर चिरणारा! (हा गृहस्थ प्रत्यक्षात कसा होता कोण जाणे.) ही नावे मुलांना लागली. मग एक भाऊ मूळ नाव लावी, दुसरा टोपणनाव, आणि दोन पिढ्यांनी चुलतभाऊ एकमेकांना परके वाटू लागत. उच्चारानेही नावे बदलली. १६३४ च्या सुमारास आलेल्या ज्याँ गियाँ याच्या वंशातले काही लोक पुढे दियाँ झाले. गायिका सेलीन दियाँ त्यांच्यातलीच. पुढे कामधंद्यासाठी अमेरिकेत उतरलेल्यांपैकी काही र्वा ‘किंग’ झाले आणि काही ब्वाव्हेर ‘ग्रीनवुड’. हे आपल्याला नवल वाटू नये. होळ गावचे ते होळकर झाले, आणि भटांचे पेशवे झाले ते तर पदामुळे.

पाळण्यातल्या नावाचाही घोळ असतो. बाप्तिस्म्याच्या वेळी पुष्कळ मुलगे ‘जोझेफ’ आणि पुष्कळ मुली ‘मारी’ म्हणून नोंदल्या जात, त्यापुढे बहुधा धर्मपित्याचे किंवा धर्ममातेचे नाव आणि शेवटी हाक मारण्याचे. मूल दगावले तर तेच नाव पुढच्याला देत. त्यामुळे एकाच आईबापांची दोन ज्याँ सापडली, तर शोधणाऱ्याने आधी दफनाची नोंद पाहावी.

एवढा गुंता असूनही माग लागतो, याचे एक कारण चर्चच्या नोंदवह्या. त्यांवरूनच सिप्रियाँ ताँगे या पाद्र्याने १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशकोश काढला. पण मला त्याहून मोठे कारण वाटते ते वेगळेच. या नोंदींत बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावाने राहते. लग्नाच्या नोंदीत सहसा वधूवर दोघांच्याही आईबापांची नावे येतात, आणि पुढे मुलाच्या बाप्तिस्म्यात व स्वतःच्या मृत्यूच्या नोंदीतही ती बाई आपल्या जन्मनावानेच दिसते. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने पाठवलेल्या सातशेहून अधिक मुलींना ‘राजाच्या मुली’ म्हणत. त्यांतल्या कितीतरी पोरक्या होत्या. आज त्यांच्या वंशजांना त्या नावानिशी ठाऊक आहेत.

आपल्याकडे? माझ्या घराण्याची वंशावळ नऊ पिढ्यांची आहे. तीत मुलगे सगळे आहेत. सुनांच्या जागी ‘भार्या’, फार तर सासरी ठेवलेले नाव. मुलींना तर फांदीच नाही. माझ्या पणजीचे माहेरचे नाव मला आजही माहीत नाही. ते ठाऊक असलेली शेवटची व्यक्ती, माझी आत्या, गेली तेव्हा मी पन्नास वर्षांचा होतो. विचारायला वेळ होता, विचारले नाही.

१६४० साली क्वेबेकचे चर्च जळाले आणि त्याबरोबर नोंदवह्याही गेल्या. तेव्हा पाद्र्यांनी लोकांच्या आठवणीतून त्या पुन्हा लिहून काढल्या. वस्ती लहान होती, माणसे हयात होती, म्हणून ते जमले.

दाराशी एक कोरी वही ठेवली आहे. निघताना आपापल्या आजीचे माहेरचे नाव, आडनाव आणि गाव तीत लिहावे. ज्यांना आठवणार नाही, त्यांनी घरी जाऊन कुणाला तरी विचारावे आणि पुढच्या रविवारी पुन्हा यावे. वही महिनाभर इथेच राहील.