जुन्या स्टीरिओचं झाकण उघडताना

(गेल्या महिन्याच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. थोडी काटछाट केली आहे.)



आपल्या बैठकीत शिक्षण, अंधश्रद्धा, पाणी असे विषय असतात. त्यात 'जुना स्टीरिओ दुरुस्त करताना' हे वाचून काहींना वाटलं असेल की हा गृहस्थ छंदाच्या गप्पा मारायला आला आहे. छंद आहेच. पण दोन-तीन वर्षं हे काम शिकताना ज्या गोष्टी लक्षात आल्या त्या या व्यासपीठावर बोलण्यासारख्या वाटल्या, म्हणून मीच आयोजकांना गळ घातली.

मी पेशाने डेटाबेस सांभाळतो. इंजिनियरिंगला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरची गणितं सोडवली, मार्कही मिळाले. सोल्डरिंग मात्र बहुतेकांना लॅब असिस्टंटच करून द्यायचे. तेव्हा कागदावर सर्किट येणारा पण हातात काही न येणारा, असा माझा नवशिकेपणा आहे. इथे बसलेल्या बऱ्याच जणांचा तोच असावा.

इथे न्यू जर्सीत एका गराज सेलमध्ये पंधरा डॉलरला सत्तरच्या दशकाअखेरचा एक जपानी रिसीव्हर मिळाला. उचलताना कंबर आठवते इतका जड. त्या काळची यंत्रं चांगली का, याला एक कारण सरकारी आहे, जे आपल्यातल्या बाजारभक्तांनी ऐकावं. त्याआधी कंपन्या जाहिरातीत वाटेल तितके वॅट छापत. १९७४ मध्ये इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची ताकद ठराविक पद्धतीने मोजूनच सांगायची. मग कागदावरचे वॅट चालेनात. खरे वॅट द्यायचे तर मोठा ट्रान्सफॉर्मर आणि जाड हीटसिंक लागतात. वजन आलं ते तिथून.

आता काम. पहिली गोष्ट, लगेच प्लग लावायचा नाही. आधी पुढची बटणं पाहायची. 'टेप मॉनिटर' नावाचं बटण दाबलेलं असेल तर रिसीव्हर टेपडेककडून येणाऱ्या आवाजाची वाट पाहत बसतो, आणि टेपडेक तर घरात नसतोच. स्पीकरचा 'ए-बी' स्विच बंद असला तरी तेच. 'मेलेले' म्हणून विकले जाणारे काही रिसीव्हर एवढ्यावरच जिवंत होतात.

मग झाकण. चार-सहा स्क्रू, आत चाळीस वर्षांची धूळ. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते ती बहुधा आतल्या कार्बनच्या पट्टीवर साठलेल्या मळामुळे. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो. दाराच्या बिजागरीला मारतो तो स्प्रे इथे नको. क्लीनर मारून बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवायचं.

पहिल्यांदा वीज देताना आपल्याकडचे वायरमन ज्याला सिरीज बोर्ड म्हणतात तो वापरायचा. साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा बल्ब यंत्राच्या मार्गात जोडायचा, की वीज आधी बल्बातून जाते. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्ब सगळा भार स्वतःवर घेतो आणि यंत्र वाचतं. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही, आणि २०२३ पासून तारेचे बल्ब इथल्या दुकानांतून जवळपास दिसेनासे झालेत, तेव्हा एखादा असेल तर जपून ठेवा.

जिवाची गोष्ट इथे थांबून सांगतो. प्लग काढला म्हणजे वीज गेली असं नसतं. वीजपुरवठ्याचे मोठे कपॅसिटर नंतरही भार धरून ठेवतात. मल्टिमीटरने मोजायचं, रेझिस्टर लावून रिकामे करायचे, पुन्हा मोजायचं, मगच हात घालायचा. व्हॉल्व्हच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट असतात. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, कितीही सुंदर दिसला तरी.

सुरू झाल्यावर काही सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज येतो, तो स्पीकर वाचवणारा रिले. स्पीकर जोडण्याआधी त्याच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. शंभराच्या वर गेलं तर आधी कारण शोधा. पहिल्या चाचणीला स्वस्तातले स्पीकर लावा, चांगले नव्हे. जुन्या स्पीकरच्या कडेचा फोमही पंधरा-वीस वर्षांत पिठासारखा झडतो. तो बदलायचे संच मिळतात आणि हे काम गोंद-कात्रीचं आहे.

'सगळे कपॅसिटर बदलून टाका' असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. फुगलेला, गळका, मोजून वाईट ठरलेला बदलावा. सरसकट बदलताना नवशिक्याच्या हातून एखादा उलटा बसतो आणि नवंच दुखणं सुरू होतं.

हे सगळं मला जमलं त्याचं मुख्य कारण म्हणजे सर्व्हिस मॅन्युअल. त्यात पूर्ण सर्किट, प्रत्येक बिंदूवर किती व्होल्ट हवेत त्याचे आकडे, सुट्या भागांची यादी. कंपनीने हे ज्ञान दुरुस्ती करणाऱ्यासाठीच छापलं होतं. आजचा ब्लूटूथ स्पीकर उघडायला जा, गोंदाने चिकटवलेला असतो आणि सर्किट कुठेच मिळत नाही.

त्यामुळे दुरुस्तीच्या हक्काची चळवळ मला आपली वाटते. न्यूयॉर्कमध्ये २०२२ च्या डिसेंबरात कायद्यावर सही झाली, पण त्याआधी त्यात पळवाटा घातल्या गेल्या. कॅलिफोर्नियाचा कायदा जुलै २०२४ पासून लागू झाला. शंभर डॉलर किंवा जास्त किमतीच्या वस्तूचे भाग, साधनं आणि माहिती शेवटचा नग बनल्यापासून सात वर्षं द्यायची. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये यासाठी पोर्टल सुरू केलं, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

न दुरुस्त झालेल्या वस्तू जातात कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला चौथा भागही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला नाही. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत माणसं हातांनी हे बोर्ड सोडवतात, धूर गिळतात.

आणि एक आपल्या घरातलं. रेडिओ बिघडला की घरी येणाऱ्या माणसाला आपण 'रेडिओवाला' म्हणायचो. नाव किती जणांना ठाऊक होतं? लॅमिंग्टन रोडवर गल्ल्यागल्ल्यांत बसून, सर्किट डोक्यात ठेवून दोष शोधणारे लोक होते. त्यांना आपण कारागीर म्हटलं आणि आपल्याला इंजिनियर. डोक्याचं काम वरचं आणि हाताचं खालचं हे आपण जातीतून शिकलो आणि पदवीने ते पक्कं केलं. एक खराब ट्रान्झिस्टर शोधायला मला तीन रविवार लागले, तेव्हा त्या माणसांच्या डोक्याची ताकद कळली.

पुढच्या महिन्यात बैठकीनंतर दोन तास दुरुस्तीचं टेबल मांडणार आहोत. मल्टिमीटर आणि सिरीज बोर्ड मी आणतो. मुलांना पाहायला घेऊन या, मुलींना आवर्जून. टेपडेक, रिसीव्हर, टेबलफॅन, मिक्सर चालेल. मायक्रोवेव्ह आणि जुने काचेच्या नळीचे टीव्ही मात्र आणू नका. त्यांच्या आतला भार माणूस मारू शकतो, आणि ते उघडण्याइतकं आमच्यापैकी कुणालाच येत नाही.